आमच्या भुतांचा पत्ता
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'आमच्या भयकथांमागच्या प्रेरणा'. प्रेरणा हा शब्द ऐकला की मला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ दिसायला लागतो. आमचं काम एवढं मोठं नाही. आम्ही पाचजण मिळून भुताच्या गोष्टी लिहितो. एकाने सुरू करायची, दुसऱ्याने पुढे न्यायची, पाचव्याने संपवायची. दिवाळीला त्यांच्या शंभरेक प्रती झेरॉक्स करून, पिना मारून वाटतो. या सभागृहात निदान चाळीसजणांकडे त्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी अजून वीस रुपये दिलेले नाहीत. ते असो. तर प्रेरणा वगैरे नको, आमची भुतं राहतात कुठे, त्यांचा पत्ता तेवढा सांगतो.

आधी पाचजण कोण ते. नावं घेत नाही, कारण बाकीचे चौघंही समोर बसले आहेत आणि एकाला तरी आपलं नाव दुसऱ्यानंतर घेतल्याचा राग येईल. एक आंबा बागायतदार. एक वकील. एक एसटीत वाहक, म्हणजे आपल्या भाषेत कंडक्टर. एक सरकारी रुग्णालयात परिचारिका. आणि पाचवा मी, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेला माणूस. आमच्यातलं कुणी साहित्यिक नाही. दहावीला मराठीत सगळ्यात जास्त गुण बागायतदाराला होते आणि तेही निबंधाला नाही, व्याकरणाला.

पहिला पत्ता तर तुम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. दहावीची रात्रअभ्यासिका. जेवून, वळकटी काखेला मारून आपण शाळेत यायचो. अकरा वाजेपर्यंत सर फेऱ्या मारायचे, मग त्यांच्या खोलीचा दिवा विझायचा, आणि थोड्या वेळाने आपली वीजही जायची. वीज गेली की भूगोल बंद आणि भूत सुरू. आठवा जरा, ती गोष्ट एकटा कुणी सांगतच नसे. एकजण म्हणायचा, व्हाळावर बाई दिसली. दुसरा म्हणायचा, हातात कंदील होता. तिसरा म्हणायचा, कंदील होता पण हात नव्हता. गोष्ट कुणाची हे सकाळी कुणालाच सांगता आलं नसतं. तेवढ्यात बाहेर माडाची झावळी पडायची आणि पस्तीस मुलगे एका सतरंजीवर यायचे. मुलींची अभ्यासिका वेगळ्या खोलीत होती. तिकडच्या गोष्टी आमच्यापेक्षा भयानक असत, हे मला परिचारिका मैत्रिणीकडून तीस वर्षांनी कळलं.

पुढे वाचनात आलं की जपानात हा रीतसर खेळच होता. शंभर वाती लावायच्या, प्रत्येक गोष्टीनंतर एक विझवायची, आणि शंभरावी विझली की काहीतरी येतं असा समज. त्यामुळे लोक नव्याण्णवावर थांबत, असं म्हणतात. आपल्याकडे वीज मंडळ हे काम एका दमात करत असे.

दुसरा पत्ता शाळेच्या ग्रंथालयातलं ते लोखंडी कपाट. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी तिथेच भेटले. धारपांचं पुस्तक परत करायच्या तारखेला हमखास कुणीतरी हरवलेलं असे. त्यांचा 'समर्थ' आमच्या पिढीला घरच्या वडीलधाऱ्यासारखा होता. संकट कितीही अमानवी असो, समर्थ आले की निभावून नेणार. मतकरींकडे असं निभावून नेणारं कुणी नाही. त्यांच्या गोष्टीत साधं घर असतं, चहा उकळत असतो, आणि घरातल्याच माणसाचं काहीतरी बिनसलेलं असतं. आम्हा पाचांत यावरून दोन पक्ष आहेत. वकील आणि बागायतदार धारपांचे, आम्ही तिघं मतकरींचे. आमच्या गोष्टी मध्येच वळण घेतात अशी तक्रार तुम्ही करता, त्याचं कारण हे आहे. लेखणी एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलेली असते.

लिहायला सुरुवात झाली ती २०१६ नंतर. त्या वर्षी 'रात्रीस खेळ चाले' मालिका लागली. आकेरीच्या त्या वाड्यापुढे बघ्यांच्या गाड्या थांबू लागल्या आणि मुंबईत ऑफिसात लोक मला विचारायला लागले, "तुमच्याकडे खरंच असं असतं का हो?" मालिकेवर इकडे टीकाही झाली, कोकणाला भुताखेतांचा मुलूख करून टाकलं म्हणून. आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यावरून दोन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने लिहिलं, "भांडताय कसले, खरी गोष्ट मी सांगतो," आणि वस्तीच्या गाडीचा एक अनुभव टाकला. त्याचा शेवट अर्धवट होता. वकिलाने तो पुरा केला. बागायतदाराला तो शेवट पटला नाही. अशी आमची पहिली गोष्ट झाली.

वस्तीची गाडी म्हणजे काय हे शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना सांगायला हवं. शेवटची एसटी रात्री गावात जाते, तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते. चालक-वाहक गाडीत, देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपतात. आमच्या कंडक्टरने अशा किती रात्री काढल्या याची गणती नाही. तो म्हणतो, "गाडयेत झोपलंय, पण डोळो लागलो नाय." रिकामी एसटी रात्रभर आवाज करते. पत्रा थंड होताना कुरकुरतो, खिडकीच्या काचा सैल असतात, दोरी ओढलेली नसताना घंटीला हिसका बसतो. हे तपशील विकत मिळत नाहीत. आमच्या गोष्टीतल्या बऱ्या जागा बहुतेक अशाच आल्या आहेत, कुणाच्या तरी नोकरीतून.

बागायतदाराने आणला चकवा. त्याला स्वतःला लागला होता, आषाढात, धुक्याने भरलेल्या सड्यावर. दोन तासांत एकाच जांभळीपाशी तो तीनदा आला. जुनी माणसं सांगतात, चकवा लागला की चालायचं नाही, बसून राहायचं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे याचा हिशेब शोधला. २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा माग उपग्रहाच्या मदतीने नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले की गोल फिरायला लागली, आणि आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागला नाही. मला वाटलं, हे सांगितल्यावर गोष्टीतली भीती जाईल. उलट झालं. बागायतदार म्हणाला, "म्हणजे फिरवणारा बाहेर कोणी नसतोच. मीच." आणि त्याने तो भाग पुन्हा लिहिला. आमच्या सगळ्या लिखाणात मला तो सर्वात भीतिदायक वाटतो, आणि त्यात भूत नाही.

कामाची पद्धतही सांगतो, कारण खालच्या वर्गातल्या काहीजणांना असं लिहायचं आहे म्हणे. आधीच्याने लिहिलेलं बदलायचं नाही, हा मुख्य नियम. आवडलं नाही तर पुढे निस्तरायचं. दुसऱ्याचं पात्र मारायचं असेल तर त्याला फोन करायचा. पंधरा दिवसांची मुदत, जी बागायतदार सोडून सगळे पाळतात. आणि शेवट कुणी लिहायचा ते चिठ्ठी टाकून ठरतं, नाहीतर सगळे शेवटासाठीच लिहायला लागतात.

आता ज्या गोष्टीबद्दल तुमच्यातल्या अनेकांनी मला फोन केले, त्या विहिरीच्या गोष्टीकडे येतो.

ती वकिलाने सुरू केली. साल १९७८, वस्तीची गाडी, पाणंदीच्या टोकाला चिऱ्याची विहीर, रात्री तोंड धुवायला गेलेला कंडक्टर आणि काठावर पांढऱ्या लुगड्यातली बाई. केस मोकळे, पावलं उलटी. ती काही करत नाही, फक्त "पाणी" म्हणते. आपल्याकडची नेहमीची हडळ. वकिलाने भाग छान लिहिला होता, पुढचा बागायतदाराने त्याहून छान लिहिला. कंडक्टर पळाला, गाडीचं दार लावून बसला, आणि पहाटे बघतो तो पायरीवर ओली पावलं. इथवर तुम्ही ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे.

मग पाळी परिचारिकेची आली. तिने पंधरा दिवसांत काही पाठवलं नाही. सोळाव्या दिवशी गटावर भाग न येता आम्हा चौघांना फोन आला. तिने विचारलं, "हडळ कोण होते, माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतंच. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेलेला मुलगा. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई, ती हडळ, आळवंतीण. तिची तिरडी नेताना मागे वाटेवर राळे टाकत जायचे, म्हणजे सगळे दाणे वेचल्याशिवाय तिला घरी परतता येऊ नये. उंबऱ्यात खिळा ठोकायचा. हे सगळं आम्ही आजीकडून ऐकलेलं, आणि गोष्टीत वापरायला म्हणून मी टिपूनही ठेवलेलं.

ती म्हणाली, "मी सव्वीस वर्षं प्रसूती विभागात आहे. तुमच्या सगळ्या हडळी पांढऱ्या का असतात, ते मी सांगते. रक्त गेलेलं माणूस तसंच दिसतं. ओठसुद्धा पांढरे. आणि ती पाणी का मागते तेही सांगते. खूप रक्त गेलं की तहान लागते. अशी तहान लागते की माणूस दुसरं काही बोलतच नाही. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची पद्धत."

फोनवर कुणी काही बोललं नाही.

तिच्या भागात ती हडळ बाई झाली. नाव आलं, सासर-माहेर आलं. दुसरं बाळंतपण. मूल रात्री आठला सुखरूप झालं, मुलगी. वार पूर्ण पडली नाही. सुईणीने चुलीतली राख कपड्यात बांधून रक्त टिपलं. बारा मैलांवर दवाखाना, व्हाळाला पूर, आणि गावात आलेलं एकमेव वाहन म्हणजे वस्तीची एसटी, जी पहाटे साडेपाचशिवाय हलत नाही. नवरा धावत गाडीपाशी येतो, आणि चालक म्हणतो की फरशीवरून पाणी जातंय, गाडी घालता येणार नाही. तो खोटं बोलत नसतो. ती बाई अडीच तासांत जाते. शेवटपर्यंत एकच शब्द म्हणते. तो ती मेल्यावरही म्हणत राहिली, एवढंच.

वाचून आमचा कंडक्टर, जो आमच्यात सगळ्यात हसरा, तो चार दिवस गटावर आला नाही. मग त्याने त्याचा भाग पाठवला. त्याने फक्त एवढंच लिहिलं होतं की विहिरीवर ती ज्याला दिसते तो कंडक्टर त्या रात्री त्याच गाडीवर होता. नवरा आला तेव्हा तो गाडीत झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

चिठ्ठीत शेवट माझ्याकडे आला होता. त्यावरून आमच्यात जेवढी वादावादी झाली तेवढी कधीच झालेली नाही. वकिलाचं म्हणणं, तिला पाणी दिलं की भीती संपली, मग ती भयकथा कसली? वाचक फसल्यासारखा होईल. परिचारिकेचं म्हणणं, "मी तिला पाण्यावाचून एकदा मारलंय, दुसऱ्यांदा तू मार." बागायतदार म्हणाला, काहीही कर पण आंब्याच्या मोसमाआधी कर.

त्याच सुमारास लोकलमध्ये वाचताना मला एक धागा सापडला. सामूहिक भयकथांचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १८१६ चं, जिनिव्हा सरोवराकाठचं. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने युरोपात त्या साली उन्हाळाच आला नाही. पावसामुळे घरात अडकलेल्या मंडळींत बायरनने टूम काढली की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीची 'फ्रँकेन्स्टाइन' आली, १८१८ मध्ये छापली गेली. डॉक्टर पोलिडोरीची 'द व्हँपायर' १८१९ मध्ये. हे तुमच्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माहीत असेल. मला नवीन होतं ते मेरीच्या आईचं. मेरी वॉलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी विदुषी. ३० ऑगस्ट १७९७ ला मेरी जन्मली आणि १० सप्टेंबरला आई सूतिकाज्वराने गेली. मेरीचं स्वतःचं पहिलं मूलही १८१५ मध्ये काही दिवसांतच गेलं होतं. ज्या पोरीने मेलेल्याला जिवंत करण्याची गोष्ट लिहिली, तिच्या घरात हे घडलेलं होतं. मी हे परिचारिकेला कळवलं. तिचं उत्तर आलं, "अकरावा दिवस. आपल्या हिशेबाने ती हडळ व्हायची जेमतेम राहिली."

मी शेवट असा केला. म्हातारा झालेला कंडक्टर निवृत्तीच्या आदल्या रात्री मुद्दाम त्या गावची वस्तीची गाडी मागून घेतो. विहिरीवर जातो. ती येते. तो पोहरा सोडतो, भरून वर ओढतो आणि तिच्या ओंजळीत ओततो. ती पिते. तो पुन्हा ओढतो. ती पीतच राहते. उजाडल्यावर गाव पाण्याला येतं तेव्हा विहीर कोरडी असते, भर श्रावणात, आणि काठावर तो बसलेला असतो, दोन्ही तळहात सोलपटलेले. तो सांगतो, "अजून पुरं झालं नाही." वकील म्हणाला, चालेल.

ही गोष्ट वाटल्यावर दीडेक महिन्याने कंडक्टरच्या गाडीत एक आजी चढल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या नातवाने त्यांना गोष्ट वाचून दाखवली होती. तिकीट घेताना त्यांनी विचारलं, "त्या चेडवाक पाणी दिलात मां शेवटाक?" कंडक्टर म्हणाला, दिलं. आजी त्यांच्या थांब्यापर्यंत काही बोलल्या नाहीत. उतरताना त्यांनी एक नाव सांगितलं. त्यांच्या धाकट्या जावेचं. घरात ते नाव पन्नास वर्षं कुणी घेतलं नव्हतं, घेतलं तर ती येते म्हणून. ते नाव मी इथे घेणार नाही, ते त्या घराचं आहे. आम्ही ते आमच्या वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे.

आता आपल्या विज्ञानाच्या सरांचा प्रश्न. पुस्तिका मिळाल्यावर त्यांनी मला पोस्टकार्ड पाठवलं, फोन असूनही. त्यावर एकच वाक्य होतं. ज्यांना मी कारण आणि परिणाम शिकवला ते माझे विद्यार्थी अंधश्रद्धा वाढवतायत का?

प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची गरज का पडली, तर जिवंत माणसांना चेटकीण ठरवून मारहाण होते, भूत उतरवण्याच्या नावाखाली आजारी माणसाचे हाल होतात. आपल्या आसपासही हे अगदीच घडत नाही असं कुणी म्हणू नये. म्हणून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर वकिलाने तीन कलमं लिहून ठेवली आहेत. आमच्या गोष्टीत मांत्रिक जिंकणार नाही. जिवंत बाईला कुणी चेटकीण म्हणालं तर म्हणणारा दोषी ठरेल. आणि खऱ्या गावाचं, घराचं, विहिरीचं नाव येणार नाही. पहिल्या कलमामुळे समर्थांचे चाहते असलेले आमचे दोन सभासद अजून नाराज आहेत, पण त्यातल्या एकानेच कलम लिहिल्यामुळे त्याला बोलता येत नाही.

सर, माझं उत्तर एवढंच आहे. विहिरीची गोष्ट वाचून आमच्या एका वाचकाच्या घरी सुनेच्या बाळंतपणाआधी दवाखान्याचं अंतर आणि १०८ चा नंबर भिंतीवर लिहिला गेला. परिचारिकेने स्वतः पाहिला. एवढ्याने सगळी भयकथा निर्दोष ठरत नाही, हे मला मान्य आहे. तुम्ही पहिल्या रांगेत आहात. उत्तर पुरलं नसेल तर उठून सांगा, आम्ही पाचहीजण उभे राहू. सवय आहे.

सध्याची गोष्ट मुंज्याची आहे. शाळेच्या मागच्या पिंपळावरचा, नाव न घेता. तीन भाग झाले आहेत, चौथा बागायतदाराकडे फेब्रुवारीपासून अडकला आहे. तो म्हणतो मोहोर होता, मग फळ होतं, मग पाऊस आला. तो तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसला आहे. जेवणाच्या पंगतीत त्याला गाठा.